गारपिटीनंतरचे छप्पर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

छपराचा अभ्यास करायला मुद्दाम कोणी येत नाही. स्थापत्याचा विद्यार्थी पायापासून सुरुवात करतो, विम्याचा विद्यार्थी पॉलिसीच्या कलमांपासून, समाजशास्त्राचा विद्यार्थी छपराखालच्या माणसांपासून. गारपीट झाली की मात्र या तिघांना एकाच शिडीवर चढावे लागते. तुम्ही कोणत्याही वाटेने इथवर आला असाल, तरी तुमचे स्वागत आहे. या विषयाला अजून तयार माणसे कमी आहेत आणि काम पुष्कळ आहे.

या क्षेत्राचा गाभा एका छोट्या कालावधीत आहे : गारा थांबल्यापासून नवा पत्रा बसेपर्यंतच्या. घरमालकाला छप्पर आजच झाकायचे असते, कारण रात्री पुन्हा पाऊस येईल. दाव्याला मात्र फुटलेले छप्पर जसेच्या तसे पाहायचे असते. दुरुस्ती झाली की पुरावा जातो आणि दुरुस्ती थांबवली की नुकसान वाढते. विम्याचा करारही दोन्ही गोष्टी मागतो : नुकसान वाढू देऊ नका, आणि आम्हाला तपासणी करू द्या. माझ्या मते या विषयातले बहुतेक तंटे लबाडीतून नव्हे, तर या कात्रीतून उभे राहतात. म्हणून अभ्यासाची सुरुवात कलमांऐवजी या चार-सहा दिवसांपासून करावी.

सुरतेत बसून गारपिटीबद्दल कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. किनाऱ्यालगत गारा क्वचितच पडतात. या शहराला ठाऊक असलेली आपत्ती म्हणजे तापीचा पूर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. सर्वेअर, सॅल्व्हेज, क्लेम हे शब्द त्या पुराने दुकानादुकानांत पोचवले. पण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या खानदेशी माणसाची छपरे दोन असतात. एक इथले, यंत्रमागाच्या शेडचे किंवा सोसायटीतल्या खोलीचे. दुसरे गावाकडचे, अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार या पट्ट्यातले, जिथे आई-वडील राहतात आणि दिवाळीला सगळे जमतात. उधन्याहून जळगावकडे जाणारा रेल्वेमार्ग ही दोन छपरे जोडतो. वाटेत नवापूर स्टेशनाचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात दिवसचे दिवस गारपीट झाली, तेव्हा खानदेशही त्यातून सुटला नाही. गार गावात पडते, फोन सुरतेत वाजतो, आणि पत्रे कोणाकडून बसवायचे, पैसे कुठून आणायचे हा निर्णय मागावर उभ्या असलेल्या माणसाला घ्यावा लागतो. हा विषय सुरतेचा आहे तो यामुळे.

पहिली अडचण कागदावरच भेटते. मोटारीच्या पॉलिसीत गारपीट नावानिशी लिहिलेली असते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या स्थानिक आपत्तींतही ती नावानिशी होती. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत मात्र वादळ, चक्रीवादळ, पूर, त्सुनामी असे शब्द आहेत. गार वेगळी नोंदलेली नाही. ती वादळाच्या कलमाखाली येते. त्यामुळे दावा करणाऱ्याने नुसते ‘गारा पडल्या’ असे लिहून थांबू नये. वारा किती होता, झाडे कुठे पडली, वीज कधी गेली हेही लिहावे. गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका गावात छपरे चाळणी होतात आणि शेजारच्या गावात नुसता शिडकावा पडतो. जवळची हवामान नोंद कोरी निघाली म्हणून गार पडली नाही असे होत नाही. पण ते दाखवून देण्याचे ओझे छपराच्या मालकावर पडते. त्या दिवशीचे वर्तमानपत्र, शेजाऱ्यांच्या घरांचे फोटो, तलाठ्याचा पंचनामा ही साधने इथे शोधनिबंधातल्या आकडेवारीइतकी मोलाची आहेत.

आता पत्र्याकडे वळू, कारण खरे ज्ञान तिथे आहे. खानदेशातल्या घरांवर आणि उधन्याच्या शेडवर सिमेंटचा नालीदार पत्रा खूप दिसतो : साधारण ६ मिलिमीटर जाड, १.०५ मीटर रुंद, हुकाच्या बोल्टने लोखंडी किंवा लाकडी आडव्यांना धरलेला. तो वर्षागणिक ठिसूळ होतो. मोठी गार बसली की वरून कधी कधी नुसता पांढुरका डाग दिसतो आणि खालच्या अंगाला चांदणीसारख्या बारीक चिरा फुटलेल्या असतात. वरून फोटो काढणाऱ्याला त्या दिसत नाहीत. दुसऱ्या पावसात थेंब त्या रेषेने धावू लागतात तेव्हा कळते. म्हणून छप्पर दोन्ही बाजूंनी पाहायचे, हा या क्षेत्राचा पहिला धडा. दुसरा धडा चिरेच्या कडेचा. ताजी फूट फिकट राखाडी आणि स्वच्छ असते. जुन्या फटीत काजळी, धूळ, शेवाळ बसलेले असते. झिजेचे आणि वयाचे नुकसान विमा देत नाही, त्यामुळे ताजी फूट कोणती आणि जुनी कोणती यावर दाव्याचा निकाल फिरतो. रंगीत लोखंडी पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. तो फुटत नाही, त्याला पोचे पडतात, आणि पोचा पडलेला पण न गळणारा पत्रा बदलून द्यायचा की नाही, हा वाद जगभर चालतो. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेले पारदर्शक तुकडे सगळ्यांत आधी जातात.

पत्रेवाला छपरावर चालतो तेव्हा त्याचे पाऊल बोल्टच्या ओळीवरच पडते, कारण बोल्ट आहे तिथे खाली आधार आहे. हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नसते. गारांनी आधीच कमकुवत झालेल्या सिमेंटच्या पत्र्यावर फळी न टाकता चढलेला माणूस खाली कोसळतो, आणि अशा पडण्यात जीव जातात. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून फुटके तुकडे झाडण्याआधी पाण्याने भिजवावेत. छपराच्या दाव्यांवर लिहिणाऱ्याने या माणसाच्या सुरक्षेला तळटीपेत ढकलू नये, असा माझा आग्रह आहे. छपराबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्यालाच असते, आणि दाव्याच्या कागदांवर त्याचे नाव फक्त कोटेशनच्या डोक्यावर येते.

त्याचे स्थान अवघड असते हेही मान्य करायला हवे. ठेकेदार पहिला साक्षीदार आहे, पहिला अंदाज तोच देतो, आणि काम त्यालाच मिळणार असते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीची छपरे उडवली, तेव्हा एकाच वेळी हजारो घरांना पत्रे आणि बसवणारी माणसे हवी होती. अशा दिवसांत आधी पैसे मागणारा, ‘क्लेम मी पास करून आणतो’ म्हणणारा, कोऱ्या कागदावर सही घेणारा माणूस दारात उभा राहतो. त्याला ओळखण्याचा मार्ग साधा आहे. चांगला ठेकेदार किती पत्रे, कोणत्या मापाचे, किती बोल्ट-वॉशर, मजुरी किती, उतरवलेल्या भंगाराचे काय, हे वेगवेगळे लिहून देतो. ‘छप्पर दुरुस्ती, एकूण इतके’ अशा एका ओळीच्या कागदावर सर्वेअरला काहीच मोजता येत नाही, आणि मोजता आले नाही की तो कापतो.

सर्वेअर विमा कंपनी नेमते, पण त्याचा परवाना नियामकाचा असतो. २०२४ च्या नियमांनुसार सूचना मिळाल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. त्याचा अहवाल महत्त्वाचा असतो, तरी तो शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका वाहनाच्या दाव्यात हे स्पष्ट सांगितले. पैसे कापले जातात त्याचे मोठे कारण बहुधा कमी रकमेचा विमा हे असते. २० लाखांच्या शेडचा विमा १२ लाखांचा काढला असेल, तर १ लाखाच्या नुकसानीचे ६० हजार धरले जातात. मालकाला हे अन्यायाचे वाटते, कारण हा हिशोब त्याला हप्ता भरताना कोणी सांगितलेला नसतो. घराच्या नव्या पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. लहान उद्योगांच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ आहे. हे बदल मोठे आहेत आणि शेडवाल्यांपर्यंत पोचायचे आहेत. तक्रारीसाठी गुजरातचे विमा लोकपाल अहमदाबादला बसतात; त्यांच्याकडे जायला वकील लागत नाही.

गावाकडच्या छपराला बहुधा पॉलिसीच नसते. तिथे तलाठी येतो. गारपीट राज्य आपत्ती निधीच्या यादीत आहे, आणि २०२२ ते २०२६ च्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये व कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. भिंती उभ्या आहेत, जमीन शाबूत आहे आणि वरचा प्रत्येक पत्रा फुटला आहे, अशा घराचे नुकसान किती टक्के? पंचनामा करणाऱ्याला हे उभ्या उभ्या ठरवावे लागते. मोजण्याची एखादी सोपी, सगळ्यांना मान्य होईल अशी रीत कोणा विद्यार्थ्याने बांधून दिली, तर तो या क्षेत्राला मोठा हातभार होईल.

दुसरा अनुत्तरित प्रश्न इथल्या शेडमधला आहे. पत्रा शेडच्या मालकाचा, खालचे माग भाडेकरूचे, आणि मागावर चढवलेले सूत जॉबवर्क देणाऱ्या व्यापाऱ्याचे. एका भोकातून आलेले पाणी तिघांचे नुकसान करते. मालकाच्या पॉलिसीत इमारत असते. भाडेकरूच्या पॉलिसीत यंत्रे असली तरी दुसऱ्याचे, विश्वासाने ठेवलेले सूत वेगळे लिहिले नसेल तर ते बाहेर राहते. ताडपत्री कोणी टाकायची, सर्वेअरला कोणी बोलवायचे आणि फुटका पत्रा कोणाच्या दाव्यापर्यंत जपून ठेवायचा, हे भाडेकरारात सहसा लिहिलेले नसते. उधन्यात जाऊन असे भाडेकरार जमवून वाचायला सुरुवात करा. पुढच्या प्रकरणाची सामग्री तिथेच मिळेल.