'नष्टार्तव' आणि 'पाळी'
'आर्तव' शब्द 'ऋतु'पासून झाला. नियत काळ हा त्याचा मूलार्थ. दोषांनी मार्ग अडल्यास आर्तव नष्ट होते असे सांगून सुश्रुतसंहितेने मासे, कुळीथ, तीळ व उडीद हितकर मानले. मराठी घरांत रूढ झालेल्या 'विटाळ' शब्दात मात्र स्पर्शनिषेध तेवढा उरला, काळ लोपला. क्रमाने येणारी वेळ दर्शविणाऱ्या 'पाळी'त तो पुन्हा आढळतो. मुंबईत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने (१९२७–१९५३) स्त्रीदेहाची चर्चा उघडपणे केली. १९३५ साली स्टाइन व लेव्हेंथल यांनी अनियमित पाळीचा अंडाशयाच्या विकाराशी संबंध दाखविला. गर्भधारणा, थायरॉइडचे विकार, कृशता, मानसिक ताण हीही कारणे होत. उपचार कारणानुसार ठरतो आणि कारणाचा शोध तारखांपासून सुरू होतो. 'विटाळा'च्या भाषेत नेमक्या त्याच अनुच्चारित राहतात.