वर्झाझातचा सूर्य कोणाच्या मालकीचा?

मोरोक्कोने 2009 साली सौर योजना जाहीर केली, तेव्हा देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयातीवर अवलंबून होती. तेल परक्याचे, ऊन मात्र घरचे, हा युक्तिवाद बिनतोड होता. जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि युरोपातील सरकारी बँकांनी सवलतीची कर्जे दिली. 2016 मध्ये वर्झाझातजवळ ‘नूर’चा 160 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. आरशांनी गोळा केलेली उष्णता वितळलेल्या मिठात साठवून सूर्यास्तानंतरही तीन तास वीज मिळू लागली.

टीकाकारांचे आक्षेप मात्र जमिनीवरचे होते. सरकारदरबारी ओसाड ठरलेले ते माळरान अमाझिग जमातीचे सामायिक चराऊ रान होते. ते चौरस मीटरला एक दिरहम दराने गेले. आरसे धुण्यासाठी दुष्काळी भागातल्या धरणाचे पाणी लागले. पुढे साधे सौर पॅनेल स्वस्त झाले, तरी या महागड्या विजेचा तोटा सरकारी तिजोरीच सोसत राहिली.

नव्या तंत्रज्ञानाची जोखीम सरकारनेच उचलायची असते, खासगी भांडवल ती आधी घेत नाही. म्हणून अनुदान चुकीचे ठरत नाही. पण गुराख्याने कुरण दिले, करदात्याने तोटा भरला. मग प्रकल्पाच्या निर्णयात त्यांना जागा का नसावी? हा प्रश्न विचारणारा सूर्याचा वैरी ठरत नाही.