पट्टा काढा, एसी बंद करा!

परवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मित्राने एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला. म्हणाला, "पेट्रोल वाचतं रे!" या साध्या बटणालाही इतिहास आहे बरं का.

१९३९ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. जादा किंमत २७४ डॉलर. निम्मी डिकी एसीनेच खाल्ली. पण खरी गंमत पुढेच आहे. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता! इंजिन चालू की कॉम्प्रेसर चालू. बंद करायचा तर गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढा. १९४१ नंतर पॅकार्डने हा नाद सोडला.

पुढे विजेवर चालणारा क्लच आला आणि कॉम्प्रेसर गरजेपुरता फिरू लागला. १९७३ च्या तेलटंचाईनंतरच्या काळात काही अमेरिकन गाड्यांत 'इकॉन' बटण आलं. ते दाबलं की कॉम्प्रेसर बंद, नुसता पंखा. आजचं रीसर्क्युलेशनही त्याच घराण्यातलं: गार झालेलीच हवा पुन्हा गार करायची, म्हणजे कॉम्प्रेसरला कष्ट कमी.

थोडक्यात काय, एसीतली पहिली बचत म्हणजे तो बंद करता येणं. आज त्यासाठी एक बोट पुरतं. तरी डिसेंबरच्या सकाळीही आपला एसी चालूच असतो. आता यात पॅकार्डचा काय दोष?