टाकाऊ धुराचे चक्र

कासारसाई हे मुळशी तालुक्यातील गाव हिंजवडीच्या पलीकडे, धरणाच्या परिसरात आहे. गळीत हंगामात येथील रस्त्यांवर संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या दिसतात. साखर कारखान्यात रस काढून उरलेली चिपाडे, म्हणजे बगॅस, वाया जात नाही. ती जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. सुट्टीच्या दिवशी पुणे-पिंपरीहून धरण पाहायला मोटारी येतात. त्यांत एखादी जुनी सेडान असते आणि तिचा मालक अभिमानाने सांगतो, ‘टर्बो बसवलाय.’ त्याच्या मोटारीतील टर्बोचार्जर आणि कारखान्यातील टर्बाइन यांमागची कल्पना एकच आहे : जे टाकून द्यायचे, त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्यायचे.

मात्र या कल्पनेचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इंजिनात जास्त हवा कोंबणे फारसे अवघड नाही. त्यामुळे निर्माण होणारी उष्णता निस्तरणे अवघड आहे. घरच्या अंगणात किंवा गावातील गॅरेजात टर्बो बसवू पाहणाऱ्या मुलाला पहिली गोष्ट सगळेच सांगतात, दुसरी फारसे कोणी सांगत नाही. आपल्या वर्गातून पुढे आयटीआयला जाणाऱ्या मुलांना ती शाळेतच कळावी, एवढ्यासाठी हा इतिहास मांडत आहोत.

हवेचा हिशेब

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण वजनाने पाहिले तर ते मुख्यतः हवा खाते. १ किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. कासारसाई समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या तुलनेत सुमारे ७ टक्के कमी असतो. तेथे १ लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ १०,००० लिटर हवा लागेल. २० फूट लांब, १८ फूट रुंद व १० फूट उंच अशा वर्गखोलीतील सगळी हवा १० लिटर पेट्रोलमध्ये संपते!

म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची, तर प्रत्येक फेरीत त्याला जास्त हवा मिळाली पाहिजे. त्यासाठी इंजिन मोठे करावे, अधिक वेगाने फिरवावे, किंवा हवा दाबून आत पाठवावी. दाबण्यासाठी पंप हवा, आणि पंप चालवायला पुन्हा ताकद हवी. ती इंजिनाकडूनच घेतली, तर मिळालेल्यातील काही भाग तेथेच खर्च होतो. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा मात्र सायलेन्सरमधून गरम वायूंच्या रूपाने निघून जातो. तो पंपाला का देऊ नये?

बुखी यांची वीस वर्षे

हा प्रश्न स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्फ्रेड बुखी यांना पडला. १९०५ मध्ये त्यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंनी एक टर्बाइन फिरवायचे आणि त्याच आसावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची, अशी ती योजना होती. आजचा टर्बोचार्जर मुळात हाच आहे.

पण कल्पना सुचण्यात आणि यंत्र चालण्यात वीस वर्षांचे अंतर पडले. टर्बाइनच्या पात्यांना लाल होईपर्यंत तापून भन्नाट वेगाने फिरावे लागते, आणि असा ताण सोसणारे धातू त्या काळी सहज मिळत नव्हते. १९२५ मध्ये बुखी यांना इंजिनाच्या शक्तीत ४० टक्क्यांची वाढ मिळवता आली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्यांची पद्धत जोडली, तेव्हा शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. इंजिनांचा आकार तेवढाच राहिला.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली होती. वर हवा विरळ, म्हणून इंजिने दमत. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो यांनी आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी त्यावर टर्बोचा उपाय शोधला. १९१८ मध्ये मॉस यांनी ‘लिबर्टी’ जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले.

मॉस यांचा टर्बो इंजिनाला जमिनीवरचा हरवलेला दाब परत मिळवून देत होता. इंजिन ज्या दाबासाठी घडवले होते, त्याच्या फारसे पुढे ते जात नव्हते. मोटारीत टर्बो बसवणारा मात्र घडवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागतो. कासारसाईच्या उंचीवर गेलेला ७ टक्के दाब भरून काढणे ही एक गोष्ट. त्यावर आणखी ५० टक्के चढवणे ही अगदी वेगळी गोष्ट.

उष्णता आडवी येते

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून भराभर हवा भरली, की पंपाची नळी गरम होते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. टर्बोतही तेच घडते. ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा दीडपट दाबाला नेली, आणि दाबणारे चक्र ७० टक्के कार्यक्षम धरले, तर ती हवा सुमारे ८३ अंशांवर जाते. हवा तापली की प्रसरण पावते. म्हणून दाब दीडपट झाला, तरी प्रत्यक्ष हवा सव्वापटीपेक्षा थोडीच अधिक जाते. हीच हवा इंटरकूलरमधून ४५ अंशांपर्यंत थंड केली, तर ती सुमारे १.४३ पट होते. इंटरकूलर हा गरम हवेचा रेडिएटरच म्हणायचा.

हवा कमी भरते एवढ्यावर हे थांबत नाही. सिलिंडरमध्ये दट्ट्या ती हवा पुन्हा दाबतो, तेव्हा सुरुवातीचा प्रत्येक जादा अंश शेवटी दोन अंशांहून अधिक होतो. मग ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप स्फोट पावते. यालाच आपले मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. ही खटखट थोडा वेळ चालू राहिली, तरी हेड गॅस्केट उडते किंवा दट्ट्याला भोक पडते.

पहिल्या टर्बो मोटारींना हेच नडले. १९६२ मध्ये अमेरिकेत ‘शेव्हरले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर’ आणि ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ बाजारात आल्या. जेटफायरचे संपीडन गुणोत्तर १०.२५ होते, म्हणजे त्या काळच्या मानाने बरेच जास्त. त्यावर टर्बोचा दाब. नॉकिंग टाळण्यासाठी कंपनीने पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे आपल्या माठाचेच तत्त्व. पण या द्रवाची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती, आणि अनेकांनी ती भरली नाही. दोन वर्षांत दहा हजारही मोटारी खपल्या नाहीत. पुढे कंपनीने अनेक मोटारींतील टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

१९७३ च्या ‘बीएमडब्ल्यू २००२ टर्बो’ने दुसरा मार्ग धरला. संपीडन गुणोत्तर ६.९ इतके खाली आणले. शक्ती १३० वरून १७० अश्वशक्तीवर गेली. पण टर्बो वेग घेईपर्यंत मोटार मंद वाटे आणि मग एकदम झेप घेई. त्याच वर्षी तेलटंचाई आली. अशा १,६७२ मोटारी बनल्या आणि उत्पादन थांबले.

घरगुती वापराच्या सेडानला टर्बो खऱ्या अर्थाने मानवला तो स्वीडनमध्ये. ‘साब’ कंपनीच्या पेर यिलब्रांड यांच्या गटाने १९७७ मध्ये ‘साब ९९ टर्बो’ पुढे आणली. त्यांनी टर्बो लहान घेतला, म्हणजे तो लवकर फिरू लागतो. आणि जादा वायू बगल देऊन सोडणारी झडप बसवून दाब मर्यादेत ठेवला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनाला नॉकिंग ओळखणारा संवेदक जोडला. खटखट सुरू होताच यंत्रणा स्वतःच दाब उतरवू लागली.

पुण्याची वाट डिझेलची

डिझेल इंजिनात दट्ट्या नुसती हवा दाबतो आणि इंधन शेवटी फवारले जाते. त्यामुळे पेट्रोल इंजिनासारखे नॉकिंग तेथे होत नाही. शिवाय बाहेर पडणारे वायूही पेट्रोल इंजिनापेक्षा कमी तापलेले असतात. म्हणून टर्बो आधी डिझेलमध्ये रुजला.

अमेरिकेतील ‘कमिन्स’ कंपनीने १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत टर्बो लावलेली डिझेल मोटार उतरवली. चालक फ्रेड अगबाशियन यांनी तिच्यावर सर्वांत पुढची जागा पटकावली. पण ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली, कारण टर्बोचे हवा ओढणारे तोंड टायरच्या रबराच्या कणांनी तुंबले होते. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर का जपायचा, याला याहून चांगले उदाहरण नाही.

याच कंपनीने १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर भागीदारी केली आणि पुण्यात कोथरूडला ‘किर्लोस्कर कमिन्स’चा कारखाना उभा राहिला. १९९८ मध्ये टाटांची ‘सफारी’ पुण्यातून बाहेर पडली, तीही टर्बो डिझेलवर. पेट्रोल टर्बोला वेळ लागला. २००४ मध्ये स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया आरएस’ आली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात जुळवलेली ही सेडान भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या टर्बो पेट्रोल मोटारींपैकी एक होती. १.८ लिटर इंजिनातून १५० अश्वशक्ती मिळत. आज ती जुनी झाली आहे आणि हौशी मंडळींच्या हाती आहे.

अंगणातले काम

अशी हौस करणारे दोन प्रकारचे असतात. एकाच्या मोटारीत टर्बो आधीच असतो. तो इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून दाब वाढवतो. दुसरा साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो जोडतो. दुसऱ्याचे काम अधिक अवघड, कारण कारखान्याने केलेली पूर्वतयारी त्याच्या इंजिनात नसते. त्याला संपीडन गुणोत्तर कमी करावे लागते, मोठे इंजेक्टर लावावे लागतात, इंटरकूलरला वाऱ्यात जागा द्यावी लागते. टर्बोचा आस तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून इंजिनातून दाबाने तेल येणारी एक नळी आणि ते उताराने परत नेणारी दुसरी जाड नळी लागते. ५ सेंटीमीटर व्यासाचे चक्र मिनिटाला १,५०,००० फेरे घेते, तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ३९० मीटर वेगाने जाते. हा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाहून अधिक आहे. तेल क्षणभर तुटले तर काय होईल, याची कल्पना यावरून यावी. म्हणूनच दामटलेली मोटार लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवतात. नाही तर तापलेल्या आसाजवळचे तेल करपून कोळसा होतो.

इंधनाकडेही पाहावे लागते. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. त्यातील इथेनॉल मुख्यतः ऊस आणि धान्यापासून होते. इथेनॉल सहजी नॉकिंग होऊ देत नाही, आणि त्याची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते. जेटफायरच्या टाकीतील द्रवाचे काम ते काही अंशी करते. पण त्याला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारीत काहीच फेरफार केला नाही, तर हवेच्या मानाने इंधन अपुरे पडते. टर्बोच्या दाबाखाली असे अपुरे मिश्रण अधिक तापते आणि दट्ट्या जळू शकतो.

आणि एवढे सगळे जमले, तरी ब्रेक, टायर व क्लच जुन्याच शक्तीच्या हिशेबाने बनलेले असतात. हा प्रश्न केवळ मालकाचा नाही. त्याच रस्त्याने उसाची गाडी जाते आणि शाळेतून घरी निघालेली मुलेही जातात. कायद्याचीही येथे स्पष्ट भूमिका आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब पुन्हा स्पष्ट केली. शिकण्याची हौस असेल, तर जुने इंजिन स्टँडवर बसवून प्रयोग करावा. त्यात शिकायला मिळते ते रस्त्यावरच्या शर्यतीपेक्षा कितीतरी जास्त.

वर्गात यातील बरेच काही इंजिनाविना दाखवता येते. कासारसाईत पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. हवा विरळ असल्याचा हा सर्वांत स्वस्त पुरावा. सायकलच्या पंपाला तापमापी बांधून वीस दट्ट्यांनंतरची नोंद मुलांकडून घ्यावी. मोठ्या मुलांना एक गणित घालावे : टर्बोचा दाबमापक बाहेरच्या हवेपेक्षा जादा असलेला दाबच दाखवतो. तो मुंबईत आणि कासारसाईत, दोन्हीकडे अर्धा बार दाखवत असेल, तर कोणत्या ठिकाणी इंजिनात जास्त हवा गेली, आणि कोणत्या ठिकाणी टर्बोला हवा अधिक पट दाबावी लागली?