शिपायाच्या बायकोचा भत्ता

पलटणीत गेलेल्या माणसाच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्यामागे घरी राहिलेल्या बाईने महिन्याचा वाणसौदा कसा भागवला, ह्याविषयी मात्र इतिहास बहुधा गप्प असतो. इंग्लंडमध्ये ह्या प्रश्नाची तड लागायला शंभरावर वर्षे गेली. ती हकीकत आज थोडक्यात सांगायची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सैन्याला शिपायाची बायको म्हणजे एक अडचणच वाटे. लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे आणि ती मोजक्यांनाच मिळे. परवानगीने लग्न झाले तर बायकोचे नाव पलटणीच्या पटावर चढे. तिला बराकीत आसरा मिळे, शिपायांचे कपडे धुऊन चार पैसेही मिळत. परवानगीवाचून लग्न केले, तर ती बाई सैन्याच्या हिशेबी नव्हतीच! पलटण परदेशी लढाईला निघाली की शंभर शिपायांमागे साधारण सहा बायकांना बरोबर नेत. कोणी जायचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. जिची चिठ्ठी निघाली नाही तिने पुढे काय खावे, ह्याची सैन्य फारशी काळजी करीत नसे.

मग धर्मादाय पुढे आला. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, विधवा व पोरक्या मुलांसाठी रॉयल पॅट्रिऑटिक फंड निघाला. १८८५ साली मेजर जेम्स गिल्डी यांनी शिपाई व खलाशी यांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा आपल्या मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांनी एक कविता लिहिली आणि तिच्या जोरावर अडीच लाख पौंडांच्या घरात निधी जमला. लोक दयाळू होते, ह्यात शंका नाही. पण दान म्हटले की घेणाऱ्याची पारख आलीच. बाई मदतीला 'लायक' आहे की नाही, हे देणारा ठरवणार.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि लाखो संसारी माणसे सैन्यात गेली. आता पटावरची आणि पटाबाहेरची हा भेद टिकणे शक्य नव्हते. सरकारने सर्वच शिपायांच्या बायकांना भत्ता लागू केला. हिशेब असा : साध्या शिपायाला रोज १ शिलिंग, म्हणजे आठवड्याला ७ शिलिंग पगार. त्यातले साडेतीन शिलिंग कापून घ्यायचे, सरकारने आपले ९ घालायचे, आणि मूल नसलेल्या बाईला साडेबारा शिलिंग द्यायचे. मुले असली तर त्यांचे वेगळे. पैसे दर आठवड्याला पोस्टात मिळत. सुरुवातीला घोळ झाले, पैसे रखडले. तरी शनिवारी नवरा हातावर ठेवील त्यात घर चालवणाऱ्या कितीतरी बायकांना ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम स्वतःच्या हातात मिळू लागली.

पण गोम इथेच होती. ऑक्टोबर १९१४ मध्येच गृहखात्याने पोलिसांना कळवले, की ह्या बायकांवर नजर ठेवावी. दारू पिणारीचा किंवा वाईट चालीच्या बाईचा भत्ता बंद व्हावा. भत्त्यात नवऱ्याच्या पगाराचा वाटा होता, तरी सरकारच्या लेखी तो बक्षीसच! पूर्व लंडनमध्ये सिल्व्हिया पँकहर्स्ट आणि त्यांच्या सहकारी बायका ह्याविरुद्ध उठल्या. १९१५ साली त्यांनी शिपाई-खलाशांच्या बायकांच्या हक्कांसाठी संघ काढला. नवरा देशासाठी लढतो आहे, तर हा पैसा त्याच्या घराने कमावलेला आहे, ह्यात उपकार कसला, असा त्यांचा सवाल होता.

एलिनॉर रॅथबोन ह्या विदुषी त्या वेळी लिव्हरपूलमध्ये ह्याच भत्त्याचे काम पाहत होत्या. आईच्या हाती नियमित पैसा आला की तो मुलांच्या पोटी जातो, हे त्यांना तिथे दिसले. मग हा भत्ता युद्धापुरताच का, आणि शिपायाच्याच घरी का? १९२४ साली त्यांनी ह्यावर ग्रंथ लिहिला. पुढे पार्लमेंटात कुटुंबभत्त्याचे बिल आले, तेव्हा पैसे बापाला द्यायचे घाटत होते. रॅथबोनबाई अडून बसल्या, आणि १९४५ च्या कायद्याने ते आईला मिळाले : पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येकाला आठवड्याला ५ शिलिंग. पहिला हप्ता ऑगस्ट १९४६ मध्ये वाटला गेला. बाई जानेवारीतच वारल्या होत्या.

हे सारे विलायतेतले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे पोस्टाची मनिऑर्डर १८८० पासून आहे. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या किती घरांचा संसार पलटणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालला! पण एकत्र कुटुंबात ती बहुधा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिरांच्या हाती पडे. आणि भत्त्याला अटी आपणही घातल्याच. शौर्यपदक मिळवलेल्या जवानाच्या विधवेने पुन्हा लग्न केले तर पदकाचा भत्ता बंद होई. मात्र मृत नवऱ्याच्या भावाशी केले तर चालू राही. ही दिराची अट सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली.

तेव्हा ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यात आहे, त्यांनी एवढे पाहावे : सुनेचे नाव त्याच्या नोकरीच्या आणि पेन्शनच्या कागदांत नीट चढले आहे ना, आणि बँकेचे पासबुक तिला स्वतःला वाचता येते ना. अडीअडचणीला तिला तेच उपयोगी पडणार आहे.