कबनूरचें घर आणि बिनतारी लहर

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला. त्याचा खडखडाट पुढें शेजारच्या कबनूरलाहि व्यापून राहिला. तेथें आज घर आणि माग पुष्कळदां एकाच आवारांत नांदतात. पुढें राहती जागा, पाठीमागें पत्र्याची शेड. अशा घरांत बिनतारी इंटरनेट एका खोलींत मिळतें आणि दुसरींत हरवतें, याचें कारण शोधावयाचें तर थोडें भूतकाळांत शिरलें पाहिजे.

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरी भिंतींतून पार नेऊन घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. लहरीला भिंतीची आडकाठी नाहीं, असा यांतून अर्थ काढणें सोपें आहे. पण तो अर्धाच खरा. विटेची भिंत लहरीचा कांहीं अंश गिळते, लोखंडी पत्रा तर तिला परतवूनच लावतो.

पुढें कायदा आडवा आला. १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हाच अपराध ठरला. घरच्या रेडिओसहि परवाना लागे. १९८५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या उपकरणांसाठीं राखलेले, इतरांना नकोसे वाटणारे लहरींचे पट्टे विनापरवाना संदेशवहनास मोकळे केले. पडीक गायरानावर गांव वसावें तसा हा प्रकार! १९९७ सालीं ८०२.११ हें पहिलें प्रमाण ठरलें. वेग सेकंदास अवघा २ मेगाबिट. दोन वर्षांत तो ११ वर गेला व वायफाय हें नांव रूढ झालें. घरांत लहरी भिंतींवर आपटून मागाहून पोंचतात व एकमेकींत मिसळतात. हा गोंधळ निस्तरण्याची एक युक्ति ऑस्ट्रेलियांतील जॉन ओसुलिव्हन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाच्या चमूस सुचली होती, तिला १९९६ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं परवान्यांतून सुटला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ सालीं.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां या इतिहासाला एकाएकीं किंमत आली. शेडपलीकडील खोलींत बसलेल्या मुलाचा वर्ग लहरीअभावीं बुडूं लागला. पालकांनीं बहुधा खोक्यावरचा मोठा आंकडा पाहून राऊटर घेतला. परंतु तो आंकडा सर्व पट्ट्यांच्या वेगांची बेरीज असतो, पोंच सांगत नाहीं. २.४ ची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतींतून बरी जाते, मात्र शेजाऱ्यांची गर्दीहि तिच्यावरच. तेथें १, ६ व ११ या तीनच वाटा एकमेकींस न अडवतां चालतात. ५ ची लहर निम्म्याहून आंखूड, वेगवान, पण भिंतीपुढें लवकर थकते. म्हणून यंत्र कोपऱ्यांत किंवा लोखंडी कपाटामागें न ठेवतां घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावें.

तेवढ्यानें न भागल्यास दुसरें यंत्र घ्यावें. मात्र त्यास तारेनें जोडावें. एकाच वाटेवरून ऐकून पुन्हां बोलणारा स्वस्त रिपीटर वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो, आणि पत्र्याआड तो स्वतःच बहिरा होतो. तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा शंभर मीटर आहे. राहत्या जागेंतून शेडच्या टोंकापर्यंत जावयास ती बहुतेक ठिकाणीं पुरून उरते.