लिहिण्याची जागा : अनुदिनीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

अनुदिनीलेखनाविषयी आपल्याकडे जी थोडीफार समीक्षात्मक चर्चा झाली आहे, ती बहुतांशी लिहिणाऱ्या 'मी'भोवती फिरते. संपादकाच्या संमतीवाचून लिहिणारा, वाचकाशी थेट बोलणारा हा 'मी' नवा आहे की आत्मपर लेखनाच्या जुन्याच परंपरेतला आहे, असा हा वाद आहे. या वादात एक प्रश्न मात्र तंत्रज्ञांकडे सोपवून आपण मोकळे झालो. अनुदिनी कोठे लिहिली जाते, तिची संहिता कोणाच्या यंत्रावर ठेवलेली असते आणि तिचा पत्ता कोणाच्या मालकीचा असतो, हा तो प्रश्न. लिहू पाहणारा प्रत्येक जण आरंभी येथेच अडखळतो. कोणा जाणत्या मित्राच्या सल्ल्याने तो प्रश्न सोडवतो आणि विसरून जातो. प्रस्तुत लेखात असे म्हणावयाचे आहे की हा निर्णय संहितेबाहेरचा नाही. अनुदिनी या लेखनप्रकाराचे रूप आणि तिचे आयुष्यमान या दोहोंवर त्याचा ठसा आहे.

अनुदिनीचा आरंभ सांगताना सामान्यतः जस्टिन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वॉर्थमोर महाविद्यालयात असताना १९९४ मध्ये सुरू केलेल्या वैयक्तिक पृष्ठांचा निर्देश होतो. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. पीटर मेरहोल्झ यांनी १९९९ मध्ये गमतीने त्याचा पदच्छेद 'वी ब्लॉग' असा केला आणि त्यातून 'ब्लॉग' हा शब्द रूढ झाला. 'लॉग' म्हणजे मुळात जहाजावरील नोंदवही. आपण कोठून कोठे गेलो याची नोंद. मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे दोन प्रतिशब्द आले. पहिल्यात केवळ दिवस आहे. दुसऱ्यात जाळे असले तरी रोजनिशीचा ध्वनीच प्रबळ आहे. प्रवासाचा, आणि म्हणून स्थळाचा, अर्थ दोहोंतून गळाला. शब्दांवर फार भार टाकू नये हे खरे. तथापि आपण या लेखनाकडे निव्वळ दैनंदिनी म्हणून पाहत आलो, याला हे प्रतिशब्द काही अंशी कारण झाले असावेत.

रिबेका ब्लड यांनी सप्टेंबर २००० मध्ये लिहिलेल्या इतिहासपर निबंधानुसार १९९९ च्या आरंभी ज्ञात वेबलॉगांची संख्या अवघी २३ होती. या लेखकांना एचटीएमएल ही खूणभाषा हाताने लिहावी लागे आणि पृष्ठांसाठी सर्व्हरवर जागा स्वतःच मिळवावी लागे. त्यांचे लेखन मुख्यतः दुव्यांचे होते: आज हे वाचले, ते तुम्हीही पाहा, त्यावर माझे दोन शब्द. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या सॅन फ्रान्सिस्कोतील छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' हे साधन आणले आणि चित्र पालटले. ब्लड यांचे मर्मग्राही निरीक्षण असे, की ब्लॉगरने लेखकापुढे एक रिकामी चौकट ठेवली. दुवा दिलाच पाहिजे, असा कोणताही आग्रह त्या चौकटीत नव्हता. परिणामी दुव्यांची वही मागे पडून छोट्या आत्मपर नोंदींचा प्रकार फोफावला. ज्या 'मी'विषयी आपण एवढा वाद घालतो, तो काही प्रमाणात त्या चौकटीची निर्मिती आहे, ही गोष्ट आशयवादी समीक्षेला सहजी पचणारी नाही.

ब्लॉगर हे आरंभी केवळ लिहिण्याचे साधन होते. तयार झालेले पान लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठविले जाई. २००० मध्ये 'ब्लॉगस्पॉट'च्या रूपाने त्याच कंपनीकडून फुकट जागाही मिळू लागली. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने पायरा विकत घेतली. २०१० मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर लेखन पाठविण्याची सोय बंद करण्यात आली. साधन कोणते आणि जागा कोणती, हे दोन स्वतंत्र निर्णय होते. दहा वर्षांत ते एक झाले, आणि झाले ते फारसा गाजावाजा न होता.

फुकट जागेचा अनुभव मात्र त्याहून जुना आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने आपल्या स्थळाची विभागणी वस्त्यांमध्ये केली होती. शिक्षण, साहित्य व तत्त्वज्ञान यांसाठी 'अथेन्स', कला आणि लेखन यांसाठी 'सोहो'. लेखकाला वस्तीचे नाव आणि घरक्रमांक असा पत्ता मिळे. रूपक मोहक होते, पण त्या घरात राहणाऱ्याला भाडेकरूचे हक्कही नव्हते. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज घेतली, तेव्हा नव्या अटींनुसार रहिवाशांच्या लेखनावर व्यापक हक्क सांगण्यात आला. निषेध झाल्यावर त्या अटी बदलण्यात आल्या. २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील जिओसिटीज बंद झाली. त्यातील जे वाचले, त्याचा मोठा भाग जेसन स्कॉट यांच्या 'आर्काइव्ह टीम'सारख्या बाहेरच्या मंडळींनी घाईघाईने उतरवून घेतला म्हणून वाचले.

याच काळात दुसरा मार्गही तयार होत होता. बेन आणि मेना ट्रॉट यांचे 'मूव्हेबल टाइप' (२००१) लेखकाने स्वतःच्या जागेत बसवावयाचे होते. २००४ मध्ये त्याच्या परवान्याच्या अटी कडक झाल्या, तेव्हा अनेकांनी 'वर्डप्रेस'चा आश्रय घेतला. मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बीटू' या जुन्या आज्ञावलीतून २००३ मध्ये सिद्ध केलेले हे साधन मुक्त परवान्याचे होते; ते उचलून दुसऱ्या जागी नेण्यास कोणाची अनुमती लागत नव्हती. २००५ मध्ये त्याच नावाने कंपनीच्या सर्व्हरवरील फुकट जागाही सुरू झाली. नाव एक आणि व्यवस्था दोन, हा गोंधळ नवख्या लेखकाला अजूनही चकवतो.

मराठी अनुदिनीच्या वाट्याला जागेचा प्रश्न लिपीच्या प्रश्नासह आला. पूर्वी मराठी पृष्ठ वाचावयाचे तर त्याच पृष्ठाचा विशिष्ट फॉण्ट वाचकाच्या यंत्रावर असावा लागे. विंडोज २००० व त्यानंतरच्या एक्सपीमध्ये युनिकोडमधील देवनागरीची सोय झाली आणि फॉण्टची ही अट सुटली. मराठी लेखक मोठ्या संख्येने ब्लॉगस्पॉटसारख्या फुकट जागांकडे वळले, ते यानंतर. त्या जागेचे स्वरूप जुलै २००६ मध्ये एकाएकी उघड झाले. ११ जुलै रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोजकी पृष्ठे बंद करण्याचा आदेश काढला. सेवापुरवठादारांनी त्या पृष्ठांऐवजी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड आणि जिओसिटीज हे पत्ते समूळ बंद केले. काही दिवसांत ते पुन्हा खुले झाले. या अवधीत कोणा अपरिचिताच्या पृष्ठापायी पाककृती लिहिणारी गृहिणी आणि कविता लिहिणारा अभियंता दोघेही आपल्याच वाचकांपासून तुटले होते. सरकारी नियंत्रणाची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. एकाच छपराखाली राहण्याची मात्र फारशी झाली नाही.

वाङ्मयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन कादंबरीकार डेनिस कूपर यांचे आहे. जून २०१६ मध्ये गूगलने त्यांचे खाते बंद केले आणि वर्षानुवर्षे चालविलेली त्यांची अनुदिनी पत्रव्यवहारासह नाहीशी झाली. तिच्यात हलत्या चित्रांनी रचलेली त्यांची एक कादंबरीही होती. वकिलांच्या मध्यस्थीनंतर ऑगस्टमध्ये सामग्री परत मिळाली आणि कूपर यांनी स्वतःच्या नावाच्या डोमेनवर नव्याने आरंभ केला. येथे छापील परंपरेशी तुलना अपरिहार्य होते. १९५५ मध्ये मुंबईत निघालेल्या 'शब्द' या लघुनियतकालिकाच्या चक्रमुद्रित प्रती थोड्याच असल्या तरी त्या अनेक घरांत विखुरलेल्या होत्या. एक वाळवीने खाल्ली तरी दुसरी कोणाच्या तरी ट्रंकेत उरे. अनुदिनीला हजारो वाचक असले तरी प्रत बहुधा एकच असते, आणि वाचक ती दुरून पाहतात.

मग स्वतःचे डोमेन आणि स्वतः भरलेले सर्व्हरचे भाडे, हे उत्तर मानावे काय? हयात लेखकापुरते ते बऱ्याच अंशी उत्तर आहे, असे माझे मत आहे. निदान त्याला आपली संहिता उचलून चालू लागता येते. परंतु डोमेनही विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीच्या बोलीनेच मिळते. लेखक निवर्तला आणि वारसांना नूतनीकरणाची कल्पनाच नसली, तर पत्ता मोकळा होतो आणि कवीच्या नावाखाली उद्या भलत्याच मालाची जाहिरात दिसू शकते. याउलट ब्लॉगस्पॉटवर वीस वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या कितीतरी अनुदिन्या, कोणी न झाडता-पुसता, जशाच्या तशा उभ्या आहेत. स्वतंत्र बाण्याच्या लेखकाची संहिता आधी जावी आणि उदासीन लेखकाची टिकावी, असा हा विलक्षण हिशेब आहे. संशोधकाच्या हाती मग १९९६ पासून चालत आलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या प्रती उरतात: कोणत्या दिवशी उतरविल्या ते सांगणाऱ्या, आणि पुष्कळदा मजकूर शाबूत असूनही चित्रांच्या ठिकाणी रिकामे चौकोन दाखविणाऱ्या.